टेनर सॅक्सोफोन घेऊन तीन आठवड्यांचा दौरा आणि त्यानंतरचं रेकॉर्डिंग

जाझच्या दौऱ्यावर सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या वाट्याला दिवसाला दीड-दोन तासांचं वादन येतं. बाकीचा वेळ प्रवासात, वाट बघण्यात आणि सामान उचलण्यात जातो. पण त्या दोन तासांत आवाज काल लागला तसाच लागला पाहिजे. तो ज्यांच्या भरवशावर लागतो ती रीड (तोंडात धरायच्या माउथपीसवरची थरथरणारी पातळ पट्टी), वादकाचे ओठ, हॉलमधली हवा आणि तिथल्या पियानोचं ट्यूनिंग मात्र रोज बदलतात. दौऱ्याची खरी तयारी म्हणजे या चौघांची तयारी. इथे युरोपातला तीन आठवड्यांचा, साधारण १२ कार्यक्रमांचा दौरा आणि त्याला लागूनच दोन दिवसांचं स्टुडिओ रेकॉर्डिंग असा बेत धरला आहे. वाद्य टेनर, म्हणजे मोठा, खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन. आल्टोला, म्हणजे त्याहून लहान सॅक्सोफोनला, जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

पुष्कळ जण आधी अल्बम करतात आणि मग तो विकायला दौऱ्यावर जातात. विक्रीसाठी ते सोयीचं आहे. संगीतासाठी उलटा क्रम कितीतरी चांगला. बारा वेळा लोकांसमोर वाजलेली रचना मुरलेली असते, कुठला सोलो कुठे थांबवायचा ते चारही वादकांच्या (सॅक्स, पियानो, बास, ड्रम्स) अंगात बसलेलं असतं. मग स्टुडिओत चर्चा करावी लागत नाही. फक्त दौरा आणि रेकॉर्डिंग यांच्यामध्ये निदान एक पूर्ण दिवस वाद्य पेटीतच राहू द्या. थकलेला खालचा ओठ माइकला लगेच ऐकू येतो.

रीड, चार आठवडे आधीपासून

टेनरच्या रीड सहसा पाचाच्या खोक्यात येतात, आल्टोच्या दहाच्या. तीन आठवड्यांसाठी २० रीड घ्या. त्यातल्या सहा ते आठ कार्यक्रमाच्या निघतील, चार-पाच सरावाच्या, बाकी टाकायच्या. कंपनी बदलून या हिशेबात फार फरक पडत नाही, कारण रीड शेवटी अरुंडो डोनॅक्स या उंच गवताच्या कांडीतून कापलेली असते आणि प्रत्येक कांडी वेगळी. तुम्ही एरवी ३ नंबरची (नंबर जितका मोठा तितकी रीड कडक) वापरत असाल तर एक खोकं अडीचचं घ्या. हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या हॉलमध्ये नेहमीची रीड जड वाटते, तेव्हा ते कामाला येतं.

नवी रीड पहिल्याच दिवशी तासभर वाजवली की तिच्यात पाणी मुरतं, तंतू फुगतात आणि आठवड्याभरात ती मरते. म्हणून ती हळूहळू तयार करायची. पहिल्या दिवशी दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मधल्या सप्तकात मध्यम आवाजात पाच मिनिटं वाजवा, पुसा आणि सपाट काचेवर वाळवा. दुसऱ्या दिवशी १० मिनिटं, तिसऱ्या दिवशी १५. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सगळे स्वर, खालचा लो बी-फ्लॅटसुद्धा. प्रत्येक रीडच्या जाड टोकावर पेन्सिलीने नंबर आणि सुरू केल्याची तारीख लिहा. शाई पसरते, पेन्सिल टिकते. एकच रीड दोन दिवस लागोपाठ वाजवायची नाही, कितीही चांगली लागली तरी.

रीड एका बाजूला जड असेल तर आवाज किरकिरतो आणि मध्येच चीत्कार निघतो. तपासायला मधला जी लावून माउथपीस तोंडात किंचित एका कुशीवर वळवा, म्हणजे रीडची एकच कड मोकळी थरथरेल. मग दुसऱ्या कुशीवर. ज्या बाजूला फुंक अडते ती कड जाड आहे. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा लहान तुकडा घेऊन त्या कडेवर, टोकापासून थोडं मागे, दोन-तीन हलके हात मारा आणि पुन्हा वाजवून बघा. टोकाला आणि मधल्या जाड भागाला हात लावू नका, तिथे घासलेली रीड परत येत नाही. पाठ फुगली असेल, म्हणजे काचेवर ठेवल्यावर रीड डोलत असेल, तर तोच कागद काचेवर पसरून पाठ त्यावर पाच-सहा वेळा सरळ रेषेत ओढा.

मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात सांभाळलेली रीड जानेवारीत बर्लिनच्या हॉटेलात उघडली की पाच मिनिटांत तिचं टोक लाटेसारखं वाकडंतिकडं होतं. टोक ओलं करून काचेवर अंगठ्याने अर्धा मिनिट दाबून धरलं की ते बहुधा सरळ होतं. मूळ उपाय म्हणजे हवाबंद डबी आणि तिच्यात आर्द्रता राखणारं पाकीट, ५८ टक्क्यांच्या आसपासचं. त्याहून ओलं ठेवलं तर बंद डबीत बुरशी धरते. काळे ठिपके दिसले तर रीड तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटं ठेवून धुवा. तरी वास राहिला तर फेकून द्या.

एक कृत्रिम रीड जवळ असावीच. आवाज तुम्हाला आवडो न आवडो, उघड्यावरच्या महोत्सवात सोलोसाठी २० मिनिटं थांबावं लागलं की कांडीची रीड वाळून जाते, कृत्रिम तशीच राहते. तिचा नंबर घरीच ठरवा, कारण कांडीच्या रीडच्या नंबराशी तो जुळेलच असं नाही.

वाद्य तंत्रज्ञाकडे कधी द्यायचं

निघण्याच्या तीन आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात दिलं तर नवे पॅड (छिद्रं झाकणाऱ्या चामडी गाद्या) आणि कॉर्क बसण्याच्या आत तुम्ही विमानात असता, आणि दबलेलं पॅड तिसऱ्या कार्यक्रमाला गळायला लागतं. तंत्रज्ञाला तीन गोष्टी नक्की सांगा: नळीत दिवा घालून सगळे पॅड तपासणं, नेकचा (वरच्या वाकड्या नळीचा) सांधा घट्ट आहे का ते पाहणं, आणि ढिले पिव्हट स्क्रू (की, म्हणजे बोटांनी दाबायचे खटके, ज्यांवर फिरतात ते) निळ्या लॉकटाइटने (स्क्रूच्या गोंदाने) पक्के करणं. बसच्या आणि विमानाच्या थरथरीने हे स्क्रू हळूहळू बाहेर येतात. नेमका कार्यक्रमात एखादा पडला की अख्खी दांडी लोंबते.

दुरुस्तीच्या पिशवीत लहान स्क्रू ड्रायव्हर, स्प्रिंगचा हुक, रबर बँड, प्लंबरची पांढरी टेप, सिगारेटचा गोंद नसलेला कागद, कॉर्कचे तुकडे, कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्हची लहान ट्यूब, एक जादा लिगॅचर (रीड माउथपीसवर आवळणारी कडी) आणि माउथपीसवर चिकटवायच्या रबरी पट्ट्या असाव्यात. नेकचा कॉर्क सैल झाला तर टेपचे दोन वेढे पुरतात. स्प्रिंग तुटली तर की मागे ओढणारं रबर बँड लावून कार्यक्रम निभावतो.

रस्त्यात होणाऱ्या बिघाडांपैकी बहुतेक तीनच असतात.

पहिला, जी-शार्प किंवा लो सी-शार्पचं पॅड चिकटणं. ही पॅड एरवी बंदच असतात, थुंकीतला ओलावा आणि साखर तिथे साचते. सिगारेटचा कागद पॅडखाली घाला, की हलकेच दाबा, सोडा, दोन-तीन जागी असं करा. दाबून धरून कागद खेचू नका, त्याने पॅडचं चामडं खरवडतं. पावडरही नको, ती चामड्यात बसून पुढे आणखी चिकटते. कार्यक्रमाआधी कोल्ड्रिंक किंवा गोड चहा घेतला तर चूळ भरून मगच वाद्य तोंडाला लावा.

दुसरा, खालचे बी आणि बी-फ्लॅट न लागणं किंवा गुरगुरणं. लोक लगेच खालच्या मोठ्या पॅडवर संशय घेतात. दोष बहुधा वर असतो. लो डी वाजवत ठेवा आणि डाव्या करंगळीने जी-शार्पची की दाबा. स्वर अजिबात बदलता कामा नये. बदलला, तर जी-शार्पच्या पॅडवर दाब ठेवणारा छोटा समायोजन स्क्रू ढिला झालाय. तो पाव फेरा आत घ्या आणि पुन्हा बघा. जास्त आत गेला तर उजव्या हाताची पॅड नीट बसणार नाहीत, म्हणून पाव-पाव फेऱ्यानेच.

तिसरा, नेकवरची ऑक्टेव्ह की (सप्तक बदलणारी) वाकणं. नेक लावताना ती मुठीत धरली की हे होतं. जी हा स्वर धरा आणि अंगठ्याने ऑक्टेव्ह की पटपट दाबा-सोडा. नेकवरचं पॅड हलता कामा नये. हलत असेल तर नेकची गोल कडी आणि खालून येणारी दांडी यांच्यात फटच उरलेली नाही. नेकचं पॅड बोटाने बंद धरून कडी किंचित बाहेर वाकवा, मिलिमीटरभर फट दिसेपर्यंत.

विमान

नेक आणि माउथपीस वेगळ्या कापडी पिशवीत, वाद्याच्या उघड्या टोकाला टोपण. ते टोपण नसेल तर ऑक्टेव्हची दांडी पेटीच्या आतल्या बाजूवर आपटून वाकते. उघड्या मोठ्या की कॉर्कच्या पाचरींनी बंद करून ठेवा. बेलमध्ये (वाद्याच्या रुंद तोंडात) पट्टा, डब्या, पुस्तकं काही कोंबू नका.

टेनरची पेटी केबिनच्या ५५ सेंटिमीटरच्या मापात कधीच बसत नाही, तरी वरच्या कप्प्यात ती आडवी सहसा मावते. अमेरिकेत २०१५ पासून नियमच आहे की चढताना जागा शिल्लक असेल तर विमान कंपनीने लहान वाद्य केबिनमध्ये घेतलं पाहिजे. ‘चढताना’ हा शब्द महत्त्वाचा. जो आधी चढतो त्याला जागा मिळते, म्हणून लवकर चढण्याचे पैसे आनंदाने भरा. बाकीच्या देशांत त्या-त्या कंपनीचा नियम छापून जवळ ठेवा. आल्टोला हा त्रास बराच कमी. स्क्रू ड्रायव्हर आणि इतर हत्यारं चेक-इनच्या बॅगेत, रीड आणि माउथपीस मात्र कायम अंगाजवळ. बॅग हरवली तर वाद्य भाड्याने मिळतं, तुमचं माउथपीस मिळत नाही.

भारतातून निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्याचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. नाहीतर परतताना ‘हे बाहेरून आणलं’ असा प्रश्न उभा राहू शकतो. सिरियल नंबर वाद्याच्या मागे, उजव्या अंगठ्याच्या हुकाच्या आसपास कोरलेला असतो. त्याचा फोटो, खरेदीची पावती आणि विम्याचे कागद एकत्र ठेवा. पूर्ण बँडची वाद्यं आणि यंत्रं घेऊन अनेक सीमा ओलांडायच्या असतील तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचा कस्टमचा दाखला) काढावं. भारतात ते फिक्की ही उद्योगसंघटना देते.

व्हिसाबद्दल एवढंच: पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन वाजवू नका. शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपुरता असतो आणि कलाकाराला वेगळा कामाचा परवाना लागतो का, हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. ते आयोजकाकडून लेखी विचारून घ्या. अमेरिकेत ओ किंवा पी वर्गाचा व्हिसा लागतो, त्याचा अर्ज तिथल्या आयोजकाला किंवा एजंटला आधी करावा लागतो आणि त्यात महिने जातात.

पैसे आणि मार्ग

एखाद्या महोत्सवाची पक्की तारीख हाती आली की तिच्याभोवती बाकीचे कार्यक्रम लावायचे. शुक्रवार-शनिवार आपोआप भरतात. दौरा तगतो तो मंगळवार-बुधवार भरल्यावर. दोन गावांमध्ये ३५० किलोमीटरच्या वर अंतर नको आणि पाच कार्यक्रमांनंतर एक मोकळा दिवस हवाच. तो दिवस ओठांसाठी असतो, शहर बघण्यासाठी उरला तर उत्तम.

भारतातून एकट्याने जाऊन तिथला पियानो, बास आणि ड्रम्स वाजवणारा घ्यायचा, हा मार्ग सगळ्यात स्वस्त आणि जाझमध्ये जुना. लंडनच्या रॉनी स्कॉट्ससारख्या क्लबांनी परदेशी सोलो वादकांना तिथल्या त्रिकुटासोबत वाजवायला लावूनच नाव कमावलं. त्याचाही हिशेब घालून पाहावा. समजा १२ कार्यक्रम, सरासरी १,५०० युरो, एकूण १८,०००. तिघांना दर कार्यक्रमाला २५० प्रमाणे ९,०००. रेल्वे, दर खेपेला माणशी ४० धरून, १,९२०. तुमचं विमान ८००. एजंटचे १५ टक्के म्हणजे २,७००. स्वतःच्या खर्चाने तीन रात्रींची चौघांची हॉटेलं, खोलीमागे ८०, म्हणजे ९६०. व्हिसा-विमा २००. उरले २,४२०. आता समजा तिथे एकूण मानधनावर १५ टक्के कर कापला गेला. तो खर्च वजा जाता नाही, मूळ १८,००० वर कापला जातो: २,७००. म्हणजे २८० युरोचा तोटा.

दौरे बुडतात ते बहुतेक या एका ओळीमुळे. परदेशी कलाकारावरचा कर अनेक देशांत असाच आधी कापतात. अमेरिकेत दर सहसा ३० टक्के, ब्रिटनमध्ये २०. म्हणून करारात मानधन ‘कर वजा जाता हातात’ असं लिहून घ्या आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागा. भारतातून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट आधीच काढून नेलं की दुहेरी कर टाळण्याच्या करारांचा फायदा मागता येतो. तो प्रत्येक वेळी मिळतोच असं नाही, कलाकारांसाठी या करारांत वेगळं कलम असतं. परदेशात वाजवणाऱ्या कलाकारांचं काम करणारा सीए एकदा गाठाच.

करारात आणखी काय हवं: आगाऊ रक्कम, राहणं, जेवण किंवा त्याचे पैसे, आणि तिकीटविक्रीत वाटा असेल तर कुठल्या आकड्यापासून. फक्त दरवाजावरच्या तिकिटांच्या वाट्यावर परगावी जाऊ नका.

रायडर आणि साउंडचेक

रायडर, म्हणजे आयोजकाला द्यायची स्टेजवरच्या गरजांची यादी, एका पानाचा ठेवा, लांब रायडर कुणी वाचत नाही. पियानो त्याच दिवशी, स्टेजवर ठेवल्यानंतर ट्यून केलेला. ४४० की ४४२ हर्ट्झ, ते आधी कळवावं. ड्रम सेट जाझचा, १८ इंची बास ड्रमवाला. झांजा ड्रमर स्वतः आणेल. डबल बास भाड्याचा असेल तर नव्या तारा आणि पिकअप.

४४० आणि ४४२ यांत आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक आहे. ऐकायला थोडा, पण रोज एकाच ठिकाणी माउथपीस सरकवायची सवय असलेल्याला तो छळतो. माउथपीस आत-बाहेर केला की वरचे पाम कीचे (तळहाताने दाबायच्या कीचे) स्वर खालच्या स्वरांपेक्षा जास्त हलतात, म्हणून एकाच स्वरावर जुळवून थांबू नका. मधला ए, वरचा डी आणि खालचा एफ-शार्प, तिन्ही पियानोसोबत ऐका. हवा एक अंशाने थंड झाली की नळीतला स्वर साधारण तीन सेंटने उतरतो. फुंकीच्या उबेने त्यातलं बरंच भरून निघतं, पण पियानोचा लांब सोलो चालू असताना उघड्या स्टेजवर सॅक्स पुन्हा गार पडतो. आपली पाळी यायच्या १६ मात्रा आधी सगळ्या की बंद करून आवाज न काढता गरम श्वास सोडा.

माइक बेलच्या तोंडात घालायला बहुतेक साउंडवाले उत्सुक असतात. सॅक्सोफोनचा बहुतेक आवाज उघड्या छिद्रांतून येतो, बेलमधून मुख्यतः सगळ्यात खालचे स्वर. माइक बेलच्या कडेवरून डाव्या हाताच्या की-कडे वळवून ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवायला सांगा. नाहीतर लो बी-फ्लॅट फुटतो आणि मधलं सप्तक पातळ लागतं. साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीला) तीनच गोष्टी वाजवा: सगळ्यात खालचा स्वर जोरात, पाम की जोरात, आणि बॅलडमधली (संथ रचनेतली) कुजबुजती खालची ओळ. या तिन्ही नीट आल्या की काम झालं, उरलेला वेळ ड्रम्स आणि बासला द्या. मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, फक्त पियानो, थोडा बास. स्वतःचा आवाज जास्त मागितला की तुम्ही कमी फुंकता आणि आवाजातला गाभा जातो.

रोजचा दिवस

हॉटेलात सराव करायचा तर कपाट उघडा, कपडे टांगलेले असू द्या आणि बेल त्यांच्यात ठेवून वाजवा. शेजारी झोपलेले असतील तर नुसतं माउथपीस पुरतं: टेनरच्या माउथपीसवर पियानोचा जी, आल्टोच्या माउथपीसवर पियानोचा ए, न डळमळता एक मिनिट. ओठाची पकड घट्ट झाली असेल तर हाच स्वर चढतो आणि लगेच कळतं. बोटांचा सराव न फुंकता होतो.

खालच्या ओठाला आतून दाताने चीर पडली तर सिगारेटचा कागद चार पदरी घडी करून खालच्या दातांवर बसवा, दंतवैद्याकडचं मेण त्याहून चांगलं. मूळ कारण बहुधा वेगळं असतं. मॉनिटर खराब असला की माणूस ऐकू येत नाही म्हणून चावतो.

टेनर तीन-साडेतीन किलोचा. रोज दोन तास मानेवर पेलण्यापेक्षा खांद्यावरचा हार्नेस घ्या. कानाला १० ते १५ डेसिबलचे संगीतकारांचे इअरप्लग लावा, निदान झांजेच्या बाजूच्या कानाला.

पहिल्या सेटची पहिली रचना मध्यम लयीची, सोप्या टप्प्यातली असावी. हॉल कसा ऐकू येतो ते तिच्यातच कळतं. सगळ्यात अवघड, वेगवान रचना दुसऱ्या सेटच्या शेवटून दुसरी. शेवटची ठेवली तर थकलेल्या ओठांनी वाजते. बॅलड पहिल्या सेटमध्ये तिसरी, तेव्हा रीड नुकती खुललेली असते.

रोज नवे वादक भेटणार असतील तर चार्टच (रचना लिहिलेला कागद) तुमची तालीम. पियानो आणि बासला मूळ पट्टीतला, तुमच्यासाठी टेनरचा एक स्वर वर लिहिलेला, आल्टोसाठी मूळ स्वरापासून मोजून सहाव्या स्वरावरचा. पियानोचा एफ म्हणजे टेनरचा जी आणि आल्टोचा डी. एका पानात रचना बसवा, लय मिनिटाला किती मात्रा ते आकड्यात, शेवट अक्षरात लिहा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात जाझ वाजू लागला तेव्हापासून गोव्याच्या वादकांना पहिली पसंती असे, त्याचं मोठं कारण वाचन. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेले हे लोक कुठल्याही बँडमध्ये बसून पहिल्या फटक्यात वाजवू शकत. आज तुम्ही ज्यांच्यासमोर कागद ठेवता तेही तसेच वाचतात, म्हणून कागदावर चूक असेल तर चूकच वाजते.

कार्यक्रम संपला की नळीतून स्वॅब (दोरी लावलेलं पुसायचं कापड) दोनदा ओढा, नेक वेगळी पुसा, पेटी १५ मिनिटं उघडी ठेवा. स्वॅब नळीत ठेवून झाकण लावू नका, ओलावा पॅडवरच बसतो.

स्टुडिओ

दोन दिवस, आठ-नऊ रचना, ४० ते ५० मिनिटांचं संगीत. एलपी काढायची असेल तर एका बाजूला १८ ते २२ मिनिटं डोक्यात ठेवूनच क्रम लावा. त्यापुढे खोबणी अरुंद कराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. अमेरिकन संगीतकार युनियनच्या नेहमीच्या सेशनचं माप तीन तासांत १५ मिनिटं तयार संगीत असं आहे, आणि जाझसाठी ते माप खरं ठरतं. दिवसाला दोन सेशन धरा, त्यापुढे ओठ साथ देत नाहीत. पहिल्या दिवशीचे पहिले दोन-तीन तास माइक आणि हेडफोनमध्ये जातील, तेव्हा त्या दिवशी चार रचनांचीच अपेक्षा ठेवा.

सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे सॅक्स वेगळ्या खोलीत की ड्रम्ससोबत एकाच खोलीत. वेगळ्या खोलीत चूक दुरुस्त करता येते, सोलो पुन्हा घेता येतो. एकाच खोलीत तुमच्या माइकमध्ये झांजा येतात आणि तुमचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये, त्यामुळे जे वाजलं ते वाजलं. तरीही ड्रमर हलक्या हाताचा असेल तर एकच खोली घ्या. दौऱ्यात एकमेकांना उघड्या कानांनी ऐकत जे घडलं ते हेडफोनमधून तसंच्या तसं येत नाही. न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत १९६० च्या दशकातली कितीतरी रेकॉर्डिंग अशी मंडळी एकमेकांच्या जवळ उभी राहून झाली. त्यांतली ब्लू नोटची रेकॉर्डिंग सुबक निघायचं एक साधं कारण असं, की ही कंपनी वादकांना तालमीचेही पैसे द्यायची. तुमच्याकडे ती तालीम दौऱ्याने करून दिलेली आहे.

माइक रिबन किंवा मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, ४० ते ६० सेंटिमीटरवर. झगझगीत माउथपीस असेल तर रिबन, आवाज मुळातच गडद असेल तर कंडेन्सर. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सगळ्यात जोरदार स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढीच पातळी ठेवा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झाल्याने काही बिघडत नाही, फुटलेला स्वर मात्र परत येत नाही. पायाखाली चिकटपट्टीची खूण करा. जेवणानंतर तुम्ही १५ सेंटिमीटर मागे उभे राहिलात तर सकाळचा टेक (एकदा सलग वाजवलेलं रेकॉर्डिंग) आणि दुपारचा टेक जोडता येणार नाही.

रीड पाच-सहा तास वाजलेली निवडा, कोरी नको, शेवटची घटका मोजणारीही नको. एका रचनेचे सगळे टेक एकाच रीडवर. टेकच्या मध्ये रीड बदलली की जोडाच्या जागी आवाजाचा रंग उडी मारतो आणि तो दोष मिक्सिंगमध्ये जात नाही. पियानो रोज सकाळी आणि जेवणानंतर पुन्हा तपासून घ्या. एसीचं तापमान सकाळी ठरवलं की दिवसभर तेच. हेडफोन एका कानावरून अर्धवट सरकवून ठेवा. दोन्ही कान बंद असले की वादक नकळत स्वर चढवतो.

कीचा खटखट आवाज दौऱ्यात ऐकू आला नव्हता, तो माइकमध्ये येतो. तेलाचा एक-एक थेंब दांड्यांच्या सांध्यांना आणि पडलेले कॉर्क पुन्हा चिकटवणं, हे आदल्या संध्याकाळी करा.

एका रचनेचे लागोपाठ तीनच टेक. तिसऱ्यात जमलं नाही तर दुसऱ्या रचनेवर जा आणि जेवणानंतर परत या. चौथा-पाचवा टेक सहसा बिनचूक आणि निर्जीव निघतो. एका जणाने कागदावर टेकचा नंबर, वेळ, लय आणि एक शब्द लिहावा: ‘सोलो उत्तम’, ‘शेवट ढिला’. प्रत्येक टेकनंतर नियंत्रण कक्षात धावू नका. दर वेळी २० मिनिटं जातात आणि वाद्य गार पडतं. दोन टेक जोडायचे तर मूळ धून आणि सोलो यांच्या सीमेवर जोडा. झांजेचा नाद तिथेही पसरलेला असतो, म्हणून जोडाच्या अलीकडे-पलीकडे ड्रमरने तीच झांज वाजवलेली असावी.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास मोकळा ठेवा. त्यात निवडलेल्या टेकची यादी इंजिनिअरच्या हाती द्या आणि मूळ फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या कुणाकडे. तिथेच, सगळे खोलीत असताना, एका पानावर सह्या घ्या: कुठली रचना कुणाची, वादकांना एकरकमी पैसे की विक्रीत वाटा, नावं कशी छापायची. दुसऱ्याची, अजून कॉपीराइटमध्ये असलेली रचना रेकॉर्ड केली असेल तर अल्बम काढायच्या आधी तिचा मेकॅनिकल परवाना (रेकॉर्डिंगच्या प्रती काढण्याचा) घ्यावा लागतो.

आणि दौऱ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाची यादी जपून ठेवा. आयपीआरएसचे (भारतातल्या संगीतकार-गीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद असाल तर युरोपात तुमच्या स्वतःच्या रचना वाजल्याचे पैसे तिथल्या संस्था, म्हणजे जर्मनीत गेमा, फ्रान्समध्ये सासेम, ब्रिटनमध्ये पीआरएस, गोळा करून पाठवू शकतात. त्यासाठी कार्यक्रमाचं ठिकाण, तारीख आणि वाजवलेल्या रचनांची नावं द्यावी लागतात, आणि यादी देण्याची मुदत असते. आयोजकाने यादी भरली असेल असं धरून चालू नका, कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री स्वतः भरा.